तांदळाचा दिवस

वर्ग बंद असतानाही जिल्हा परिषदेच्या शाळेचं फाटक मधूनमधून उघडायचं, ते तांदूळ वाटायला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे शाळा थांबल्या, त्याबरोबर दुपारची खिचडीही थांबली आणि पोषण आहाराचं कोरडं धान्य पालकांच्या हाती द्यायचं ठरलं. हिशेब सोपा होता. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० आणि ३० ग्रॅम. शाळेचे २५ दिवस धरले तर तिसरीतल्या पोराच्या वाट्याला अडीच किलो तांदूळ आणि अर्धा किलो कडधान्य येतं. पहिली ते चौथीची साठ पोरांची शाळा म्हणजे पन्नास किलोची तीन पोती.

त्या दिवशी पिशव्या घेऊन कोण यायचं, ते बघण्यासारखं होतं. एरवी पालकसभेला बोलावलं तर वडील येतात, मागच्या रांगेत बसतात, सही करतात आणि निघतात. तांदळाच्या दिवशी आया यायच्या, आज्या यायच्या, रोजंदारीवर जायच्या आधी धावतपळत येणारी थोरली बहीण यायची. घरात पोराचा अभ्यास खरोखर ज्यांच्या नजरेखाली होतो, ती ही माणसं. कितीतरी घरांचा शिक्षकांशी समोरासमोर संबंध त्या काळात एवढाच आला. पालकांच्या सहभागावर पुष्कळ बोललं जातं, पण तो कुठे आणि कसा जमतो हे समजून घ्यायचं असेल, तर मला वाटतं, या वाटपाच्या दिवसाकडे नीट बघावं.

तिथे एक बारीकशी गोष्ट फार मोलाची होती, ती म्हणजे टेबलांचा क्रम. बऱ्याच ठिकाणी आधी वजनकाटा आणि मग वह्यांचं टेबल, अशी मांडणी असायची. ती फसते. तांदळाची पिशवी एकदा खांद्यावर आली की पाय घराकडे वळतात. मग 'बाई, पुढच्या वेळी बघते' एवढंच उत्तर मिळतं. वह्यांचं टेबल आधी असावं, काटा नंतर, आणि वाटप नोंदवहीतली सही सगळ्यात शेवटी. वस्तीप्रमाणे वेळ वाटून द्यावी, म्हणजे गर्दी होत नाही आणि दूरच्या पाड्यावरच्या बाईला उन्हात ताटकळावं लागत नाही. एका पालकाला चार मिनिटं दिली तर साठ जणांना चार तास लागतात. दोनशिक्षकी शाळेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन तास. चार मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पूर्ण वर्षातल्या पालकसभा मिळूनसुद्धा एका आईला तेवढी सलग मिळालेली नसतात.

या चार मिनिटांत काय करायचं? वही उघडून पोराला आता जे येतं आहे त्यातली एक गोष्ट बोटाने दाखवायची: 'हे बघा, मागच्या खेपेला जोडाक्षराशी अडत होता, आता अख्खी ओळ वाचतो.' मग विचारायचं, घरात फोन कुणाचा आहे आणि तो कधी घरी असतो. मग पंधरा दिवसांसाठी एकच काम सांगायचं आणि ते आईच्या तोंडून परत म्हणवून घ्यायचं. एवढंच. जे अजिबात करायचं नाही तेही सांगते: 'अभ्यासाकडे लक्ष द्या' असं म्हणायचं नाही. आपल्याकडच्या पालकसभांमधलं हे सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. लक्ष द्या म्हणजे काय करा? जी बाई चौथीतून शाळा सोडून कामाला लागली, तिला या वाक्यातून फक्त आपली चूक झाल्याचं कळतं. त्याऐवजी 'रात्री जेवण झाल्यावर हे पान त्याला मोठ्यानं वाचायला लावा, वाचताना बोट शब्दाखाली फिरतंय का तेवढं बघा' असं सांगितलं की ती ते करते. अक्षरओळख नसली तरी पोर अडखळतंय की सलग वाचतंय, हे तिला ऐकून बरोब्बर कळतं.

पुढे शाळा अर्धी उघडली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ पासून बऱ्याच ठिकाणी पाचवी ते आठवी, मग पुन्हा सगळं बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून वर्ग भरले. डिसेंबरमध्ये पहिलीपर्यंतच्या पोरांना परवानगी आली, तीही सगळीकडे एकदम अमलात आली नाही. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दोन आठवडे दारं लागली. या सगळ्या काळात काही दिवस शाळा, काही दिवस घर असा जो प्रकार चालला, त्याला कुणी हायब्रीड म्हणालं, कुणी संमिश्र शिक्षण. गावात त्याला 'आज आमचा नंबर नाही' असं म्हणत. आणि हे प्रकरण मागे पडलं असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली परिसरात हवा इतकी बिघडली की तिथले वर्ग पुन्हा अर्धे घरी, अर्धे शाळेत असे चालवावे लागले. म्हणून त्या दोन वर्षांत काय जमलं आणि काय फसलं, हे नोंदवून ठेवायला हवं.

जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायची मुभा मिळाली, तेव्हा शासनाने गावपातळीवर समिती नेमायला सांगितली होती. सरपंच अध्यक्ष, आणि सोबत तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका वर्गात जास्तीत जास्त १५ ते २० मुलं, असे नियम होते. चाळीसचा पट असला की दोन गट आलेच.

आणि गट पाडतानाच पहिली मोठी चूक झाली. हजेरीपटावर सम आणि विषम क्रमांक, हा सगळ्यांत सोपा मार्ग. कागदावर तो निर्दोष दिसतो. पण घरात बघा: पाचवीतली ताई सम क्रमांकाची, तिसरीतला भाऊ विषम. ती सोमवार-बुधवार-शुक्रवार शाळेत, तो मंगळवार-गुरुवार-शनिवार. म्हणजे आठवड्यातले सहाही दिवस घरात एक पोर एकटं. आई मजुरीला जाणारी असेल तर तिला रोज कुणाची ना कुणाची सोय बघावी लागते. ती नाही झाली तर धाकटा आईबरोबर शेतावर जातो किंवा ताईची शाळा बुडते. बहुतेक वेळा ताईचीच बुडते. त्याऐवजी गट घराप्रमाणे पाडले, एका घरातली सगळी भावंडं एकाच दिवशी, आणि शक्यतो एका वस्तीतली मुलंही एकाच दिवशी, तर तीन गोष्टी एकदम साधतात. आईचे तीन दिवस मोकळे होतात. मुलं सोबतीनं येतात-जातात. आणि घरी असण्याच्या दिवशी शेजारची दोन-चार पोरं एका ओट्यावर बसून अभ्यास करू शकतात. यासाठी वर्गशिक्षकांना एक दुपार बसून सगळ्या वर्गांचे हजेरीपट शेजारी ठेवावे लागतात आणि आडनावावर न जाता घर कुठलं ते बघावं लागतं, कारण चुलत भावंडं एका घरात असतात आणि एका आडनावाची दहा घरं असतात. हे काम शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया अर्ध्या तासात करून देतात. त्यांना विचारायला हवं, एवढंच.

दुसरी चूक शिकवण्यातली. शहरातल्या बऱ्याच खासगी शाळांनी असं केलं की वर्गात वीस मुलं, समोर फळा, टेबलावर लॅपटॉप आणि त्यात घरची वीस मुलं. शिक्षकांनी दोन्हीकडे एकदम शिकवायचं. वर्गातल्या पोराकडे बघितलं की घरचं पोर सुटतं, लॅपटॉपकडे बघितलं की वर्गात गलका होतो. घरच्यांना फळ्यावर खिडकीचा उजेड चमकताना दिसतो आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. मूल तासाला 'हजर' असतं, पण त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. गावाकडे हा प्रश्नच आला नाही, कारण तिथे तेवढं नेटवर्क नव्हतं; आणि यात गावाचं थोडं भलंच झालं. तिथल्या अनुभवी गुरुजींनी जो मार्ग काढला तोच योग्य होता: नवीन धडा फक्त शाळेत शिकवायचा. घरच्या दिवसाला नवीन काहीही नाही, काल जे शिकवलं त्याचाच सराव. हातच्याची वजाबाकी सोमवारी वर्गात, मंगळवारी घरी त्याची आठ उदाहरणं. एकच धडा दोन गटांना दोनदा शिकवावा लागतो, म्हणून अभ्यासक्रम निम्म्या वेगानं पुढे जातो हे खरं आहे. ते मान्य करून काय गाळायचं ते ठरवावं लागतं. पण घरी बसलेल्या आईवर नवीन धडा शिकवायची जबाबदारी येत नाही, आणि हे फार मोठं आहे. आईला शिक्षक व्हायला सांगणं हा दोघींवरही अन्याय आहे, आईवर आणि बाईंवरही.

आता फोन. 'असर' म्हणजे प्रथम संस्थेची ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी. तिच्या २०२१ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. कितीतरी आईबापांनी पोटाला चिमटा काढून, कर्ज काढून, शेळी विकून फोन घेतले, ते या आकड्यात आहे. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की घरात स्मार्टफोन असलेल्यांपैकी २६.१ टक्के मुलांना तो हाताळायला मिळतच नव्हता. कारण फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील कामावर.

म्हणून सकाळी दहाला पाठवलेला अभ्यास संध्याकाळी साडेसातला घरी पोचतो. तोवर ग्रुपवर त्याच्यावर चाळीस सुप्रभात, दोन वाढदिवस आणि एक लशीची अफवा येऊन बसलेली असते. वडील दमलेले, पोर पेंगुळलेलं, आणि अभ्यास शोधायचा वर सरकवत सरकवत. यावरचे उपाय साधे आहेत, पण ते सगळे मिळूनच लागू पडतात. ग्रुपमध्ये फक्त शिक्षकांना लिहिता येईल अशी सोय करून ठेवायची. पालकांना बोलायला दुसरा ग्रुप असू द्यावा, तोही हवाच. संदेश संध्याकाळी सातच्या सुमाराला पाठवायचा. संदेश एकच: पुस्तकातल्या पानाचा एक फोटो आणि एका मिनिटाच्या आतलं आवाजातलं सांगणं. पीडीएफ नको. ती उघडायला वेगळं ॲप लागतं, अक्षर बारीक दिसतं, आणि झेरॉक्स काढायची तर बाजाराच्या गावाला जावं लागतं. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तीन चाचण्यांसकट. चांगला होता; मागच्या वर्षाचं राहिलेलं भरून काढायला त्यात रोजची कृतिपत्रिका होती. पण ती पीडीएफमध्ये आली, आणि कित्येक शाळांत तिच्या प्रती काढायच्या कशातून, हाच प्रश्न झाला. जिथे शिक्षकांनी ती मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून समाजमंदिराच्या भिंतीवर लावली, तिथे ती मुलांपर्यंत पोचली.

ग्रुपमध्ये नंबर कुणाचा आहे, तेही बघावं. प्रवेश अर्जावर वडिलांचा नंबर असतो, तोच ग्रुपमध्ये जातो. आईचा साधा बटणांचा फोन असला तरी तो नंबर शिक्षकांकडे हवा, कारण दुपारी घरी कोण आहे, पोर जेवलं का, ताप आहे का, हे तिलाच ठाऊक असतं. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची कुटुंबं दसऱ्यानंतर कारखान्याच्या तळावर जातात, तेव्हा तर नंबर ही पोराची एकमेव ओळख शाळेकडे उरते. फडावर दिवसभर फोन बंद, रात्री तळावर कुठेतरी चार्ज होतो. अशा घरी नऊच्या सुमाराला केलेला साधा फोन लागतो. बाकी काही लागत नाही.

अभ्यास परत मागवायचा कसा, हा वेगळाच विषय आहे, कारण पालकांचा सहभाग तिथे अगदी नकोशा वळणाला जातो. शिक्षक म्हणतात, वहीचा फोटो टाका. चाळीस फोटो येतात: अर्धे अंधारात काढलेले, काहींवर अंगठ्याची सावली, काही आडवे, नाव कशावरच नाही. शिक्षकांच्या फोनची जागा आठ दिवसांत भरते. पण खरी अडचण वेगळीच. फोटो सगळ्यांच्या देखत ग्रुपवर पडतो, शेजारणीच्या मुलीची वही सुंदर दिसते, आणि मग आई पोराच्या हातातली पेन्सिल काढून स्वतः लिहायला बसते. ही वही ओळखायला येते. अक्षर एकसारखं, खाडाखोड नाही, सगळं बरोबर, आणि विचारलं तर पोराला एक ओळ सांगता येत नाही. आईला दोष देऊ नये. तिला लाज वाटली, आणि लाज वाटावी अशी व्यवस्था आपणच केली होती. म्हणून पोराचं काम कधीही ग्रुपवर मागवू नये आणि कुणाची वही नमुना म्हणून तिथे टाकू नये. वह्या आठवड्यातून एकदा हातोहात बदलाव्यात: एक वही शाळेत, एक घरी. फोनवर फक्त पोराचा आवाज मागवावा, पाऊण मिनिटाचं वाचन, तेही थेट शिक्षकांच्या नंबरवर. तीस मुलांचं ऐकायला साडेबावीस मिनिटं लागतात. ते दुसऱ्या कुणाला पोराच्या वतीनं करता येत नाही आणि त्यातून पोर कुठे आहे ते वहीपेक्षा लवकर कळतं: अक्षर अक्षर लावतंय, शब्द वाचतंय, की ओळ पळवतंय. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात व्हॉट्सॲपवरून आठवड्याच्या प्रश्नांचा 'स्वाध्याय' उपक्रम सुरू झाला. पर्यायांतून उत्तर निवडायचं, लगेच चूक-बरोबर कळायचं. सरावाला उपयोगी. पण वाचन मात्र कानानंच तपासावं लागतं.

शहरातल्या आयांची कोंडी वेगळी होती. त्यांना पडद्यासमोर पोराशेजारी बसावं लागलं. शाळा सांगायची, लहान वर्ग आहे, पालकांनी सोबत राहावं. मग शिक्षकांनी प्रश्न विचारला की हळू आवाजात उत्तर शेजारून येतं. पोर ते जसंच्या तसं म्हणतं. दुसऱ्या आठवड्यापासून पोर प्रश्न ऐकतच नाही, आईकडे बघतं. याला क्रम लावून द्यावा लागतो. पहिले चार-पाच दिवस शेजारी बसायचं, आवाज चालू-बंद कसा करायचा, हात कसा वर करायचा, बैठक तुटली तर पुन्हा कसं यायचं हे पोराला स्वतःच्या बोटानं करायला शिकवायचं. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप संपते, तेव्हा रडायचं नाही, तोच दुवा पुन्हा उघडायचा, हेही सांगून ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची मागे, पडद्यात दिसणार नाही इतकी. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात, हाकेच्या अंतरावर. आणि तास चालू असताना शिक्षकांची चूक सगळ्यांसमोर काढायची नाही. ती संध्याकाळी निरोपातून सांगावी. शिक्षकांच्या वर्गात चाळीस घरं एकदम येऊन बसली होती, हा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, हे आपण फार लवकर विसरलो. खासगी शाळांत फीचा वादही याच काळात पेटला. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ टक्के कपातीचा शासन निर्णय निघाला, पण तो विषय कोर्टकचेऱ्यांचा आहे. माझं दुःख एवढंच की कित्येक पालक-शिक्षक संघांच्या बैठकीत त्या वर्षी फीशिवाय दुसरा विषयच निघाला नाही.

शाळा म्हणजे नुसते तास नाहीत. परिपाठाला रांगेत उभं राहून म्हटलेली प्रतिज्ञा, पाण्याच्या टाकीपाशी झालेलं भांडण, फाटकाबाहेर वाट बघत उभ्या राहिलेल्या आयांची दहा मिनिटं. 'तुमच्याकडे किती धडे झाले? आमचा तर काहीच सांगत नाही बाई.' पालकांचा खरा संघ इथे भरतो. अर्ध्या शाळेच्या काळात हे आधी गेलं आणि सगळ्यांत शेवटी परत आलं. त्याच्या जागी ऑनलाइन स्नेहसंमेलनं झाली. मुलांनी घरी नाचाचे व्हिडिओ काढून पाठवायचे, शिक्षकांनी ते जोडायचे. फसली ती यासाठी की त्यात चांगला फोन, चांगला उजेड आणि मोकळी खोली असलेलीच पोरं दिसली. दहा बाय दहाच्या खोलीतलं पोर त्यात नव्हतं, आणि आपण त्यात नाही हे त्यानं बघितलं.

ज्यांनी शाळा वस्तीत नेली त्यांचं साधलं. सोलापुरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले: पाढे, शब्द, व्याकरण, विज्ञानातल्या आकृत्या. यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. घरोघरी स्मार्टफोन कुठून असणार? भिंतीला रिचार्ज लागत नाही. जाता-येता पोर थांबतं, वाचतं, आणि दारात विड्या वळत बसलेल्या आजीलाही विचारतं. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २०२० च्या जुलैपासून 'टिलीमिली' मालिका लागायची, पहिली ते आठवीसाठी. तिच्यातही भर होता तो घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन मोठ्यांबरोबर करायच्या कृतींवर. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' ऐकू यायची. रेडिओ ऐकायला एका ओट्यावर सहा-सात पोरं आणि मध्ये बारावी झालेली एखादी ताई बसली, की तिथे वर्ग भरायचा. या ताई-दादांना गावोगावी शिक्षणमित्र म्हणू लागले. त्यांना वह्या-खडू, वेळापत्रक आणि आठवड्यातून एकदा गुरुजींची फेरी एवढं मिळालं की ते टिकायचे. नुसतं कौतुक करून सोडलं की पंधरा दिवसांत गळायचे.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हक्क म्हणून पालकांना मिळालेली जागा ती आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. कामं तीन ठळक: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानाचा विनियोग बघणं. महामारीत पुष्कळ गावांत बैठक म्हणजे इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून गोळा केलेल्या सह्या, एवढंच उरलं. कारण सोपं होतं: बैठक सकाळी अकराला ठेवायची सवय. त्या वेळी स्त्री सदस्य खुरपायला गेलेल्या असतात; बैठकीला आल्या तर दिवसाची मजुरी बुडते. हीच बैठक संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा बाजाराच्या दिवशी ठेवली तर माणसं येतात. आणि विषय कागदावर 'आयत्या वेळचे विषय' असा मोघम नको. कुठल्या वस्तीवर फोन नाही. कुठलं पोर पंधरा दिवसांत एकदाही दिसलं नाही. गट नीट पडले का. स्वच्छतागृहाला पाणी आहे का. धान्याचं वजन बरोबर भरलं का. हे पाच प्रश्न विचारले तर तासभर बैठक चालते आणि त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर पालकांनाच माहीत असतं. न दिसलेल्या पोराचा शोध तर शिक्षकांपेक्षा शेजारीण लवकर लावते. कुणाची मुलगी आत्याकडे पाठवली, कुणाचं लग्न ठरवायला घेतलंय, हे तिला आधी कळतं, आणि वेळेत कळलं तर ते थांबवता येतं.

किती नुकसान झालं? असरच्या २०२२ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या अवघ्या २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होतं. २०२२ ची ही तिसरीची मुलं पहिलीत वर्गात बसलीच नव्हती. त्यांच्या आयांनी त्या वर्षात जे केलं ते कुठल्या तक्त्यात येत नाही, पण त्या नसत्या तर हा आकडा कुठे गेला असता याचा विचार करवत नाही.

त्यातून एक चांगली गोष्ट मात्र उरली. २०२२ मध्ये राज्यभर 'पहिले पाऊल' नावानं शाळापूर्व तयारी मेळावे झाले. पहिलीत येणारं पोर आईचा हात धरून शाळेत येतं. नोंदणीपासून सुरुवात, मग एकेक टेबल: दोरीवरून चालणं, चित्र रंगवणं, गोष्ट सांगणं, वस्तू कमी-जास्त ओळखणं. पोराला काय जमतं ते विकासपत्रावर लिहिलं जातं, आईच्या समोर. घरी जाताना आईच्या हाती साहित्य, आणि शेजारच्या चार-पाच आयांचा मिळून एक गट. या गटातली जी चार अक्षरं वाचू शकते ती पुढारी. आठवड्याला एक आयडिया कार्ड येतं, फोनवर किंवा कागदावर. ती ते मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात, आणि आठवडाभर घरी करून बघतात. ठरवून दिलेलं छोटं काम, सोबतीला माणसं, आणि बसायला जागा. तांदळाच्या दिवशी वह्यांच्या टेबलापाशी चार मिनिटांत जे साधायचं, तेच इथे ओट्यावर दर आठवड्याला होतं.

कार्डावरच्या कृती घरात असलेल्या वस्तूंच्याच. चपलांच्या जोड्या लावणं, भाजी निवडताना मोठी-लहान पानं वेगळी करणं. एक तर अगदी सोपी: मूठभर मटकी आणि मूठभर हरभरे एका परातीत मिसळायचे आणि पोरासमोर ठेवायचे. पोर मांडी घालून बसतं, चिमटीत एकेक दाणा उचलतं, दोन ढीग करतं. मग मोजायला लागतं, वीसच्या पुढे गडबडतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आई चुलीपाशी बसून ऐकते, मध्ये बोलत नाही. मोजून झालं की मटकी भिजत घालते, आणि उद्या तिची उसळ होते.